स्थलांतराचा जमाखर्च: पक्ष्यांच्या ऊर्जेवर पीएचडी करू पाहणाऱ्यांसाठी

या विषयात पीएचडी करायला येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक थवा असतो. रात्रीच्या आभाळातून, समुद्रावरून, न थांबता चाललेला. माझ्याही मनात होता. त्या थव्यातल्या एका पक्ष्याला त्या रात्री किती ऊर्जा लागली, एवढं मोजता आलं की विषय हाती आला असं वाटतं. हा समज पहिल्याच वर्षी सोडून दिलात, तर पुढची तीन वर्षं सत्कारणी लागतील.

उड्डाण हा स्थलांतरातला डोळ्यांत भरणारा खर्च आहे. पण स्थलांतर करणारा लहान पक्षी बहुतेक वेळ जमिनीवर असतो. तो खात असतो, चरबी साठवत असतो, थंडीत कुडकुडत असतो, ससाण्यापासून लपत असतो. उत्तर अमेरिकेतल्या कॅथारस गटातल्या कस्तुरांवर २००३ साली प्रसिद्ध झालेलं एक काम या क्षेत्रात आजही आदराने सांगितलं जातं. संशोधकांनी पक्ष्यांवर रेडिओ टॅग लावले, रात्रभर गाडीतून त्यांचा माग काढला आणि त्यांची ऊर्जा मोजली. एकूण हिशेब मांडला, तेव्हा उड्डाणांपेक्षा थांब्यांवरचा खर्च मोठा निघाला. थांब्यांवर दिवसच जास्त जातात आणि गारठ्याच्या रात्रीही तिथेच काढाव्या लागतात, हे त्याचं कारण.

म्हणून या लेखात मी सारखा जमाखर्चाकडे वळेन. उड्डाण ही त्या वहीतली एक ओळ आहे. तुम्हाला अख्खी वही लिहायची आहे, आणि शेजारी दुसरी एक वहीही ठेवायची आहे: हाच पक्षी गेलाच नसता, तर त्याला काय खर्च आला असता?

पहिली पायरी: वहीची हद्द आखा

मार्गदर्शकाशी पहिली गंभीर चर्चा करण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: हिशेब कधी सुरू होतो, कधी संपतो, आणि तुलना कशाशी आहे.

एका उड्डाणाचा खर्च, एका प्रवासाचा खर्च आणि अख्ख्या वर्षाचा खर्च हे तीन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची साधनं वेगळी, पक्षी वेगळे, सांख्यिकीसुद्धा वेगळी. पहिला प्रश्न वाऱ्याच्या बोगद्यात, म्हणजे विंड टनेलमध्ये, सोडवता येतो. दुसऱ्यासाठी पक्ष्यावर काहीतरी बांधावं लागतं. तिसऱ्यासाठी त्याच पक्ष्याची नोंद बाराही महिने हवी, आणि तुलनेसाठी न जाणारे पक्षीही हवेत.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि माझ्या मते खरं सोनं तिथेच आहे. ‘उबदार प्रदेशात जाऊन पक्षी ऊर्जा वाचवतो’ हे वाक्य पाठ्यपुस्तकांत इतकं रुळलंय, की ते तपासायचं राहूनच गेलं होतं. ते तपासायला अंशतः स्थलांतर करणारी प्रजाती लागते, म्हणजे एकाच जंगलात वाढलेल्या पक्ष्यांपैकी काही जातात आणि काही तिथेच हिवाळा काढतात अशी. दक्षिण जर्मनीतले युरोपीय ब्लॅकबर्ड तसे आहेत. माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी त्यांच्या शरीरात हृदयगती आणि तापमान नोंदवणारे छोटे लॉगर बसवले. या कामाचे निष्कर्ष २०२४ साली आले. जाणाऱ्या पक्ष्यांनी निघण्याच्या कितीतरी दिवस आधीपासूनच हृदयगती आणि शरीराचं तापमान उतरवायला सुरुवात केली होती. म्हणजे प्रवासखर्चाची तजवीज घरी बसूनच चालली होती. आणि एकूण ऊर्जाखर्चात जाणारे आणि राहणारे यांच्यात फरक सापडला नाही. उबदार हिवाळ्याने सगळा हिशेब फायद्यात यायला हवा होता, तसा तो आला नाही.

या निष्कर्षाइतकीच त्याची मांडणी शिकण्यासारखी आहे. वहीची हद्द ‘निघाल्यापासून पोहोचेपर्यंत’ अशी आखली असती, तर निघण्याआधीची बचत कुणाला दिसलीच नसती.

दुसरी पायरी: पक्ष्याला हात लावण्याआधी आकडेमोड

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी कागदावर एक रात्र उडवून पाहा. मी माझ्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हे करायला लावते, आणि हाताने, संगणकाशिवाय.

समजा, २० ग्रॅमचा एक गाणारा पक्षी आहे. उडताना त्याचा चयापचय २ वॅट धरू. हा आकडा उदाहरणापुरता आहे, पण त्या आकाराच्या पक्ष्याला शोभेल असा आहे. २ वॅट म्हणजे तासाला ७.२ किलोज्यूल. दहा तासांच्या रात्रीत ७२ किलोज्यूल. एक ग्रॅम चरबी जाळली की सुमारे ३९ किलोज्यूल मिळतात. म्हणजे एका रात्रीत साधारण १.८५ ग्रॅम चरबी लागली. तासाला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास घट झाली.

आता यात थोडं प्रथिन मिसळा. पक्षी निव्वळ चरबीवर उडत नाही. स्नायू आणि आतड्यांमधलं प्रथिनही तो जाळतो. ऊर्जेचा विसावा हिस्सा प्रथिनांतून आला असं धरा, म्हणजे ३.६ किलोज्यूल. पण चरबीच्या पेशींत पाणी नगण्य असतं आणि स्नायूंत ते तीन चतुर्थांशाच्या घरात असतं. त्यामुळे ओल्या स्नायूच्या एका ग्रॅममधून जेमतेम ५ किलोज्यूल निघतात. तेवढ्यासाठी सुमारे ०.७ ग्रॅम स्नायू खर्ची पडला. चरबी लागली १.७५ ग्रॅम. एकूण घट २.४५ ग्रॅम, आणि तिच्यात स्नायूचा वाटा चौथ्या हिश्शाहून जास्त! ऊर्जेत पाच टक्के, वजनात सुमारे एकोणतीस टक्के. वजनातली घट थेट ३९ने गुणून ऊर्जा काढणाऱ्या माणसाचा हिशेब किती चुकतो, हे इथे एकदा हाताने दिसलं की जन्मभर लक्षात राहतं. चरबी हेच पक्ष्याचं मुख्य इंधन का, याचंही उत्तर याच दोन ओळींत आहे.

मग पक्षी प्रथिनं जाळतो कशाला? प्रथिनांबरोबर पाणी मोकळं होतं आणि लांबच्या उड्डाणात तेही मोलाचं असतं, हे एक कारण. शिवाय शरीर हलकं झालं की पंखांना लागणारी ताकद कमी होते, आणि प्रवासात न लागणारं आतडं वाहून नेण्यात अर्थ नसतो. ग्रेट नॉट हे किनारपक्षी ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावरून चीनपर्यंत सुमारे ५,४०० किलोमीटर उडतात. निघण्याआधीचे आणि पोहोचल्यानंतरचे पक्षी तपासले, तेव्हा मेंदू आणि फुप्फुसं सोडून जवळपास सगळे अवयव आकसलेले आढळले. हा खर्च उड्डाणाच्या ओळीत दिसत नाही. पोहोचल्यावर पक्ष्याला आधी पचनसंस्था पुन्हा उभी करावी लागते, मगच भरपूर खाता येतं. तुमच्या वहीत ‘उतरल्यानंतरची दुरुस्ती’ असा एक रकाना ठेवाच.

शेवटी वारा घाला. आपला पक्षी हवेच्या सापेक्ष सेकंदाला १२ मीटर वेगाने उडतो असं समजा. वारा नसेल तर दहा तासांत ४३२ किलोमीटर. पाठीमागून ५ मीटरचा वारा असेल तर ६१२. तोच समोरून आला तर २५२. चरबी तिन्ही वेळा तेवढीच! निघायचं कुठल्या रात्री, या एका निर्णयात अडीच पट फरक आहे. म्हणून हवामानाची माहिती नसलेला ऊर्जेचा अभ्यास मला पांगळा वाटतो.

हे जमलं की मग उड्डाणाच्या यांत्रिकीकडे वळा. कॉलिन पेनिक्विक यांनी विमानविद्येची गणितं पक्ष्यांना लावून जी चौकट उभी केली, तिच्यावर आजही हे क्षेत्र उभं आहे. वेगाच्या अक्षावर लागणारी ताकद मांडली की इंग्रजी ‘यू’सारखा वक्र येतो. फार हळू उडणंही महाग आणि फार जोरात उडणंही महाग. कमीत कमी ताकदीचा वेग आणि कमीत कमी इंधनात जास्तीत जास्त अंतर कापण्याचा वेग हे दोन वेगळे बिंदू आहेत, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जास्त असतो. हा फरक तोंडपाठ असू द्या. आणखी एक खाचखळगा: ही गणितं पंखांची यांत्रिक ताकद सांगतात. शरीर त्यासाठी जाळतं त्याच्या कितीतरी पट जास्त, कारण स्नायू बरीचशी ऊर्जा उष्णतेत घालवतात. पेनिक्विक यांनी कार्यक्षमता २३ टक्के धरली. ती सगळ्या पक्ष्यांत आणि सगळ्या वेळी तेवढीच असते का, यावर वाद आहे. लाल नॉट पक्ष्यांना वाऱ्याच्या बोगद्यात उडवून २००१ साली दाखवलं गेलं, की चरबीचा बोजा वाढल्यावर खर्च वाढतो, पण गणिताने सांगितला त्यापेक्षा कमी.

तिसरी पायरी: पक्षी निवडा

इथे हळवेपणा बाजूला ठेवावा लागतो. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा, म्हणजेच गॉडविट, कुणाला भुरळ घालणार नाही? २०२२ साली जेमतेम पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत १३,५६० किलोमीटर न थांबता उडालं. अकरा दिवस. ना अन्न, ना विसावा. हे वाचल्यावर अंगावर काटा येतो. पण चार वर्षांच्या पीएचडीत त्याच पक्ष्याला पुन्हा पकडून लॉगर काढून घेता येईल का, हा प्रश्न आधी विचारा.

माझे निकष असे. पक्षी दरवर्षी त्याच जागी परत येतो का? त्याला दोनदा पकडता येतं का? यंत्र झेपेल एवढं त्याचं वजन आहे का? त्याच्या प्रजननाच्या आणि हिवाळ्याच्या दोन्ही मुक्कामांची काही पूर्वमाहिती आहे का? आणि तुलनेला न जाणारे, किंवा कमी लांब जाणारे भाऊबंद आहेत का? पाचांपैकी चार प्रश्नांना ‘हो’ मिळालं तर तो पक्षी धरा, मग तो कितीही साधा असो. घरट्याच्या पेटीत राहणारा पक्षी या कामात फार उपकार करतो.

उडण्याची पद्धतही बघा. पंख मारत जाणारा आणि गरम हवेच्या झोतांवर तरंगत जाणारा यांचे जमाखर्च इतके वेगळे असतात, की एकाचा धडा दुसऱ्याला लागू पडत नाही. वेड्या राघूच्या कुळातल्या युरोपीय बी-ईटरची हृदयगती तरंगताना विश्रांतीच्या गतीएवढीच राहते असं आढळलंय. बलाक, गरुड, गिधाडं यांना प्रवासात खरा तोटा होतो तो वेळेचा आणि हवेवर अवलंबून राहण्याचा: झोत नसले की बसून राहा, समुद्र आला की वळसा घाला. पट्टकादंब याच्या अगदी उलट. तो पंख मारतच हिमालय ओलांडतो, आणि उंची धरून सरळ न जाता डोंगराच्या चढउतारांबरोबर वरखाली होत जातो. विरळ हवेत पंख मारणं इतकं महाग पडतं, की मिळवलेली उंची सोडून देऊन पुन्हा चढणंच स्वस्त ठरतं. हृदयगतीची नोंद होती म्हणूनच हे कळलं.

चौथी पायरी: मोजायचं कशाने

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. प्रत्येक साधन काहीतरी दाखवतं आणि काहीतरी झाकतं.

दुहेरी खूण केलेलं पाणी ही सर्वांत भरवशाची पद्धत. नेथन लिफसन आणि सहकाऱ्यांनी ती १९५५ साली उंदरांवर वापरली. जड हायड्रोजन आणि जड ऑक्सिजन असलेलं पाणी पक्ष्याला टोचतात. हायड्रोजन शरीरातून फक्त पाण्याच्या वाटेने बाहेर जातो. ऑक्सिजन पाण्याबरोबरही जातो आणि कार्बन डायऑक्साइडबरोबरही. दोघांच्या घटण्यातला फरक म्हणजे कार्बन डायऑक्साइड, आणि त्यावरून ऊर्जा. तर्क इतका देखणा आहे, की शिकवताना मला दरवेळी आनंद होतो. मर्यादा दोन. खुणेचे अणू शरीरातून संपण्याच्या आत, म्हणजे लहान पक्ष्याला एकदोन दिवसांतच, पुन्हा पकडावं लागतं. आणि पक्षी काय जाळत होता हे ठाऊक असावं लागतं: एक लिटर कार्बन डायऑक्साइडमागे चरबी सुमारे २७.८ किलोज्यूल देते, पिष्टमय पदार्थ २१च्या आसपास. इथे अंदाज चुकला तर पुढचा सगळा हिशेब चुकला.

हृदयगतीचे लॉगर महिनोन्‌महिने चालतात. थंडी, भीती, उड्डाण, झोप सगळं त्यांत उतरतं. हेच त्यांचं बळ आणि हीच अडचण, कारण भीतीने वाढलेली गती ऊर्जेत किती मोजायची? शिवाय दर ठोक्यामागे किती ऑक्सिजन पोहोचतो हे पक्ष्याच्या वजनावर, ऋतूवर, उंचीवर बदलू शकतं. लॉगर आत बसवायला शस्त्रक्रिया लागते. ती तुम्ही स्वतः निरखून शिकल्याशिवाय, अनुभवी पशुवैद्याशिवाय हात लावू नका.

ॲक्सेलरोमीटर शरीराची हालचाल मोजतो. तो स्वस्त आणि हलका असतो, आणि डेटा तर एवढा देतो की भीती वाटावी. हालचालींच्या एकूण त्वरणावरून ऊर्जा काढण्याची पद्धत आता सर्रास वापरली जाते. पण हे यंत्र थंडीच्या बाबतीत आंधळं आहे, हे नव्याने येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. फांदीवर निश्चल बसून थंडीत शरीर तापवणारा पक्षी त्याला झोपलेला दिसतो. तुमचा प्रश्न हिवाळ्याच्या फायद्याचा असेल, तर एकट्या ॲक्सेलरोमीटरवर विसंबणं म्हणजे जो रकाना तपासायचा तोच पुसून टाकणं. तरंगणाऱ्या पक्ष्यांतही जपून: पंख ताणून धरायला ऊर्जा लागते, आणि हालचाल मात्र दिसत नाही.

थांब्यांवरचं काम साध्या साधनांनी होतं आणि तेच अनेकदा सर्वांत उपयोगी ठरतं. पिसांखालची चरबी डोळ्यांनी पाहून तिला ० ते ८ असा अंक द्यायची पद्धत रिंगिंग करणाऱ्यांमध्ये, म्हणजे पक्ष्यांच्या पायांत खुणेची कडी घालणाऱ्यांमध्ये, रुळलेली आहे. रक्तात ट्रायग्लिसराइड वाढलेलं असेल तर पक्षी चरबी साठवतोय, ब्युटिरेट वाढलेलं असेल तर उपाशी आहे. एका थेंबावरून हे कळतं. काही केंद्रांवर चुंबकीय अनुनादाच्या यंत्रातून जिवंत पक्ष्याची चरबी दोनतीन मिनिटांत मोजतात.

कुठलंही साधन घ्या, त्याचं अंशांकन, म्हणजे त्याचा आकडा खऱ्या ऊर्जेशी जुळवून पाहणं, तुमच्याच प्रजातीवर करा. काही पक्ष्यांना श्वसनमापन कक्षात ठेवून ऑक्सिजन मोजा, त्याच वेळी लॉगर चालू ठेवा. दुसऱ्या प्रजातीचं समीकरण उसनं घ्यायचा मोह फार होतो. माझ्या पहिल्या लेखाच्या वेळी मी तेच केलं होतं. परीक्षकाने एका ओळीत विचारलं, ‘हे समीकरण विश्रांतीतल्या पक्ष्यावर बेतलेलं आहे ना?’ होतं. सहा महिन्यांचं विश्लेषण परत करावं लागलं, आणि ते योग्यच झालं.

पाचवी पायरी: पक्ष्यावरचा भार

टॅग पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांच्या आत असावा असा संकेत आहे. काही ठिकाणी ५ टक्के चालतात. २० ग्रॅमच्या पक्ष्याला ३ टक्के म्हणजे ०.६ ग्रॅम, पट्ट्यासकट. हा संकेत म्हणजे हमी नव्हे. बाहेर आलेल्या अँटेनाने हवेचा अडथळा वाढतो, आणि तो वजनात दिसत नाही. तुम्ही ऊर्जाच मोजायला निघाला आहात, तेव्हा टॅगने घातलेला खर्च हा तुमच्या मुख्य निष्कर्षातच मिसळतो. त्यामुळे टॅग नसलेला, फक्त रिंग घातलेला गट ठेवा आणि दोन्ही गटांचं परतणं, वजन, पिल्लांची संख्या यांची तुलना प्रबंधात छापा. निकाल अडचणीचा आला तरी छापा.

परवानग्या विषय ठरला की लगेच मागा. रिंगिंगचा परवाना, प्राणी-नीतिमत्ता समितीची मंजुरी, संरक्षित क्षेत्रात शिरण्याची परवानगी आणि सीमा ओलांडून नमुने नेणार असाल तर त्याची कागदपत्रं, हे सगळं वेगवेगळ्या दारांतून येतं. पक्षी त्यासाठी थांबत नाहीत. एक हंगाम हुकला की वर्ष गेलं.

सहावी पायरी: वाटेवरचं आभाळ

युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा संच मोफत मिळतो. १९४० पासूनची तासातासाची माहिती, सुमारे ३१ किलोमीटरच्या जाळीवर, वेगवेगळ्या उंचीवरच्या वाऱ्यासकट. पक्ष्यांच्या वाटा मूव्हबँक या प्राण्यांच्या हालचालींच्या ऑनलाइन संग्रहात साठवा. तिथे इतरांचे खुले संचही मिळतात. तुमच्या पक्ष्यांना टॅग लागण्याआधीच अशा खुल्या संचावर पहिलं प्रकरण लिहून काढता येतं, आणि तसं कराच. पहिलं वर्ष वाया गेल्याची भावना येत नाही आणि विश्लेषणाचा हातही बसतो.

प्रकाशावर चालणारे जिओलोकेटर दिवसाच्या लांबीवरून अक्षांश काढतात. विषुवदिनाच्या सुमारास दिवस सगळीकडे सारखाच असतो, त्यामुळे ऐन स्थलांतराच्या दिवसांत अक्षांश विरघळून जातो. हवेचा दाब नोंदवणारा लॉगर असेल तर ही अडचण बरीच सुटते, आणि बोनस म्हणून पक्षी किती उंचीवर होता तेही कळतं. मोठ्या बोरू-वटवट्यांवर असे लॉगर लावले, तेव्हा वाळवंट आणि समुद्र ओलांडताना रात्र संपून दिवस उजाडला की ते २,४०० मीटरच्या आसपासून ५,४०० मीटरच्या आसपास चढतात हे २०२१ साली समोर आलं. उन्हात तापणारं शरीर थंड हवेत नेण्यासाठी ते चढत असावेत, असं संशोधकांना वाटतं. चढण्याचा खर्च, थंडाव्याचा फायदा. असे व्यवहार तुमच्या वहीत यायला हवेत.

सातवी पायरी: जमेची बाजू

खर्चावर शेकडो लेख सापडतील. जमेची बाजू मात्र नेहमी दोन वाक्यांत गुंडाळली जाते: उत्तरेत दिवस मोठे, कीटक भरपूर. हे खरं आहे, पण ते किलोज्यूलमध्ये कोण मांडणार?

काही फायदे ऊर्जेत मोजता येतात. हिवाळी मुक्कामी तापमान आणि वारा किती, पक्ष्याचं शरीर किती उष्णता गमावतं, राहिला असता तर किती गमावली असती, हे उष्णतेच्या गणिताने काढता येतं. मूलभूत चयापचय दर आणि शरीर आपोआप उबदार राहतं तो तापमानाचा पट्टा, एवढं प्रयोगशाळेत मोजलेलं असलं की काम होतं. फक्त हवामान केंद्राचं तापमान वापरू नका. पक्षी झुडपात आडोशाला बसतो. तिथलं तापमान वेगळं असतं.

काही फायदे ऊर्जेत येतच नाहीत. आर्क्टिकमध्ये वेगवेगळ्या अक्षांशांवर कृत्रिम घरटी मांडून केलेल्या २०१०च्या अभ्यासात दिसलं, की उत्तरेकडे जावं तसा अंडी खाल्ली जाण्याचा धोका घटत जातो. याला किलोज्यूल कसे लावणार? आणि खर्चाच्या बाजूलाही असंच आहे. काळ्या गळ्याच्या निळ्या वॉर्ब्लरमध्ये वर्षभरातले ८५ टक्क्यांहून जास्त मृत्यू स्थलांतराच्या काळात होतात असा अंदाज २००२ साली मांडला गेला. मेलेल्या पक्ष्याने किती चरबी वाचवली याला अर्थ नाही.

म्हणून चलन कुठलं हे आधीच ठरवा. आलेरस्टाम आणि लिंडस्ट्रॉम या संशोधकांनी १९९० साली तीन चलनं सुचवली: वेळ, ऊर्जा आणि शिकाऱ्यापासून सुरक्षितता. वसंतात परतणाऱ्या नराला वेळ वाचवायचा असतो. चांगली जागा पटकवायला तो ऊर्जा उधळतो. शरदात तोच पक्षी सावकाश, जपून जातो. ऊर्जेच्या वहीत वसंताचा प्रवास ‘उधळपट्टी’ दिसेल. तो निष्कर्ष लिहिण्याआधी, त्या उधळपट्टीतून पिल्लं किती वाढली हे बघा. माझा सल्ला असा: ऊर्जा नीट मोजा, पण अखेरच्या प्रकरणात तिला जगणं आणि पिल्लं या दोन गोष्टींशी जोडा. ऊर्जा हे साधन आहे आणि नैसर्गिक निवड वंशावर होते.

आठवी पायरी: आकड्यांशी प्रामाणिक राहणं

एका पक्ष्याच्या दहा हजार नोंदी म्हणजे दहा हजार नमुने नव्हेत. नमुना एक आहे. मिक्स्ड इफेक्ट मॉडेलमध्ये, म्हणजे एकाच पक्ष्याच्या नोंदी एकत्र बांधून पाहणाऱ्या सांख्यिकी पद्धतीत, पक्ष्याची ओळख घातली नाही, तर प्रत्येक फरक ‘लक्षणीय’ दिसेल.

अंशांकनातली चूक, वाऱ्याच्या माहितीतली चूक, इंधनाच्या अंदाजातली चूक, या सगळ्या शेवटच्या आकड्यापर्यंत वाहत न्या. गृहीतकं हजारो वेळा थोडी हलवून हिशेब परत करा आणि उत्तर एका आकड्यात न देता पट्ट्यात द्या. जाणारे आणि राहणारे यांचे पट्टे एकमेकांवर चढत असतील, तर ते तसंच लिहा. ‘फरक सापडला नाही’ आणि ‘फरक नाही’ यांत अंतर आहे. किती मोठा फरक तुमच्या डेटातून सुटूच शकला नसता, तेही सांगा.

आणि जे परतले नाहीत त्यांची आठवण ठेवा. साठवणीचा लॉगर परत मिळतो तो वाचलेल्या पक्ष्याकडून. म्हणजे वहीतला प्रत्येक खर्च ज्याला परवडला त्याचा आहे. समोरच्या वाऱ्यात २५२ किलोमीटरवर चरबी संपून समुद्रात पडलेला पक्षी तुमच्या आलेखात कुठेच नसतो.

वेळापत्रकाबद्दल थोडं

चार वर्षं म्हणजे जास्तीत जास्त तीन स्थलांतरं, त्यातलं पहिलं शिकण्यात जातं. पहिल्या वर्षी खुल्या डेटावर एक प्रकरण आणि चारपाच टॅगांची चाचणी. दुसऱ्या वर्षी पूर्ण ताकदीने टॅग. तिसऱ्या वर्षी लॉगर परत मिळवणं, अंशांकनाचे प्रयोग, लेखन. चौथ्या वर्षी नवं क्षेत्रकाम नको. मोह होईल, तरी नको.

क्षेत्रवहीत प्रत्येक वजनाशेजारी वेळ मिनिटापर्यंत लिहा, आणि पक्षी जाळ्यात किती वेळ होता तेही. सकाळी सातचं वजन आणि सकाळी दहाचं वजन यांत रात्रीच्या एका तासाच्या उड्डाणाहून जास्त फरक असू शकतो. ही वेळ नंतर कुठूनही मिळत नाही.